ट्रूस्ट-एकाँग: क्लबांत मध्यम, देशासाठी मोठा?

ठाण्याचा स्टॉपर (धागाकर्ता)

बचावपटू आणि कर्णधार विल्यम ट्रूस्ट-एकाँगने डिसेंबर २०२५ मध्ये नायजेरियाच्या फुटबॉल संघातून निवृत्ती घेतली. आमच्या फुटबॉल ग्रुपवर लगेच एकाचा शेरा आला: "दहा क्लब फिरला, एकातही मूळ धरलं नाही. कसला मोठा खेळाडू!"

क्लबांची यादी खरी आहे. ग्रोनिंगेन, डॉर्ड्रेख्त, गेंट, लोनवर (म्हणजे काही काळ उसना) नॉर्वेतलं हाउगेसुंड, बुर्सास्पोर, उदिनेसे, वॉटफर्ड, लोनवर सालेर्निताना, पाओक आणि शेवटी सौदीतलं अल-खलूद. एवढ्या यादीत युरोपातला एकही बडा क्लब नाही. वॉटफर्डबरोबर २०२१ साली प्रीमियर लीगमध्ये चढला आणि पुढच्याच मोसमात क्लब परत खाली आला.

पण बचावपटूला नुसतं पगाराच्या पावत्यांवरून जोखायचं का? २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्य, २०१९ च्या आफ्रिका कपमध्ये कांस्य आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये संपलेल्या आफ्रिका कपमध्ये रौप्य. त्या शेवटच्या स्पर्धेत तो सर्वोत्तम खेळाडू ठरला. ओसिमेन, सालाह, माने हे सगळे त्याच स्पर्धेत होते आणि बक्षीस एका सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूला! माझ्या मते ओकोचा-कानूच्या पिढीनंतर नायजेरियाला मिळालेला हा सगळ्यात भरवशाचा माणूस. बोला.

मालाड मॉर्निंग

धागा चांगला, पण 'भरवशाचा' या शब्दाला आक्षेप आहे. २०१८ चा विश्वचषक, क्रोएशियाविरुद्धचा सामना आठवा. कॉर्नरवर मान्झुकिचला कुस्तीतल्यासारखी मिठी मारून खाली आणलं, पेनल्टी दिली, मोद्रिचने गोल केला. २०१९ च्या आफ्रिका कपची उपांत्य फेरी: अल्जीरियाविरुद्ध स्वयंगोल आणि २-१ पराभव. सप्टेंबर २०२५, ब्लूमफॉन्टेन, विश्वचषक पात्रता: दक्षिण आफ्रिकेविरुद्ध परत स्वयंगोल, सामना १-१.

आणि ते तीन गोल, ज्यांच्यावर सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस उभं आहे, त्यातले दोन पेनल्टीवरचे. स्ट्रायकरने असे केले असते तर आपणच नाक मुरडलं असतं.

ठाण्याचा स्टॉपर

मालाड, २०१९ चा अर्धाच हिशोब मांडलात. अल्जीरियाच्या आधी उपांत्यपूर्व सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ८९व्या मिनिटाला विजयी गोल कुणी केला होता? त्याच पठ्ठ्याने.

पेनल्टीचं म्हणाल तर २०२४ मध्ये यजमान आयव्हरी कोस्टच्या घरात, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर बचावपटूने पुढे येऊन चेंडू ठेवायचा, हे फुकट मिळत नाही. शिवाय त्या स्पर्धेत सलग चार सामने नायजेरियाने एकही गोल खाल्ला नाही. अंतिम सामन्यात पहिला गोल याचाच, हेडरवर. मग आयव्हरी कोस्टच्या केसिए आणि आलेर यांनी कप पळवला, तो भाग वेगळा.

खडकी एक्स्प्रेस

तुम्ही दोघं गोल मोजत बसलात. माझा मुद्दा निराळाच आहे, आणि जरा लांबणार आहे.

हा गडी हार्लेममध्ये जन्मला. आई डच, वडील नायजेरियन. फुलहॅम आणि टॉटनहॅममध्ये शिकला, नेदरलँड्सच्या युवा संघांकडून खेळला. त्याच्या शेजारी लिऑन बालोगुन, जन्म बर्लिन. या जोडीला नायजेरियन चाहते कौतुकाने 'ओइन्बो वॉल' म्हणायचे, म्हणजे गोऱ्यांची भिंत. नंतर कॅल्विन बॅसी, जन्म इटली, वाढ इंग्लंडमध्ये. ओला आयना आणि सेमी अजायी, दोघंही लंडनचे. वीस कोटींच्या वर लोकसंख्येच्या देशाला बचावाची फळी बाहेरून भरावी लागते, याचा अभिमान काय बाळगायचा?

आता २०१३ चा आफ्रिका कप बघा. स्टीफन केशी प्रशिक्षक. त्याने घरच्या लीगमधून खेळाडू उचलले. गॉडफ्री ओबोआबोना सनशाइन स्टार्सचा, सेंटर बॅक. बुर्किना फासोविरुद्ध अंतिम सामन्यातला एकमेव गोल संडे म्बाचा, तोही घरच्याच लीगमधला. कप घरी आला! ट्रूस्ट-एकाँगच्या काळात कांस्य आलं, रौप्य आलं, पण कप आला नाही. आणि २०२२, २०२६ असे दोन विश्वचषक हुकले.

परदेशी अकादमीत घडलेला माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण तो मिळतोय म्हणून घरच्या लीगकडे कुणी बघत नाही. तिथे खेळाडूंचे पगार थकतात, मैदानांची अवस्था काय सांगावी. बाहेरून तयार माल येतोय तोवर फेडरेशनला घाम कशाला फुटेल?

मालाड मॉर्निंग

खडकी, +१. हे मला सुचलं नव्हतं.

वास्को गोलकी

मला नाही पटलं. ज्या केशीचं उदाहरण देताय त्यानेच जून २०१५ मध्ये चाडविरुद्ध ट्रूस्ट-एकाँगला पहिल्यांदा खेळवलं. त्याला घरचे-बाहेरचे हा वाद नव्हता, स्टॉपर हवा होता. केशी स्वतः आधी आयव्हरी कोस्टला गेला, मग बेल्जियममध्ये नाव काढलं. नायजेरियाचा बचावपटू परदेशात जाऊनच मोठा होत आलाय. उचे ओकेचुकवू तर फेनरबाचेकडून इतकी वर्षं खेळला की तुर्कीचा नागरिकच झाला. फरक एवढाच, तेव्हा पोरगा विशीत जायचा, आता बाप जातो आणि पोरगा तिथे जन्मतो.

आमच्या गोव्यात नायजेरियन म्हटलं की लोकांना ओडाफा आणि रँटीच आठवतात, गोल मारणारे. ईस्ट बंगालच्या उगा ओक्पाराची आठवण किती जण काढतात? स्टॉपरच्या नशिबी हेच असतं.

दादर टीटी

मुळात कर्णधार म्हणून काय केलं ते कुणी लिहिलंच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिबियाने नायजेरियाचं विमान बेनगाझीऐवजी अल-अब्राकला उतरवलं. खेळाडू रात्रभर विमानतळावर अडकले, बाकांवर झोपले. सामना खेळणार नाही, हे जाहीरपणे सांगणारा हाच. पुढे आफ्रिकी महासंघाने ३-० असा निकाल नायजेरियाला दिला. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये, मोरोक्कोतल्या विश्वचषक पात्रतेच्या प्लेऑफच्या तोंडावर, थकलेल्या बोनससाठी संघाने सरावावर बहिष्कार टाकला, तेव्हाही पुढे हाच. फेडरेशनला घाम फोडणारा माणूस हवा होता ना, खडकीकर? तो हार्लेमहूनच आला.

खडकी एक्स्प्रेस

लिबियाचं मान्य. पण बहिष्कारानंतर झालं काय? गॅबॉनला ४-१ ने हरवलं आणि डीआर काँगोसमोर पेनल्टी शूटआउटमध्ये विश्वचषक गेला. बोनस वेळेवर देणारी फेडरेशन कर्णधार घडवत नसतो, सरकार आणि लीग घडवते.

नवा सभासद ७७

थोडं अवांतर. हा वाद आपल्याला लवकरच घरी करायचा आहे. नायजेरियात जन्माने नागरिक असलेल्याला दुहेरी नागरिकत्व चालतं, त्यामुळे एकाँगला काही सोडावं लागलं नाही. आपल्याकडे भारतीय पासपोर्टशिवाय देशाकडून खेळता येत नाही. पुणे एफसीच्या इझुमी अराताने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. २०२५ मध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं सोडलं. त्याचे आजोबा संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळले होते. दुहेरी नागरिकत्व मिळालं तर आपणही परदेशातल्या अकादम्यांत पोरं शोधू की नाही?

खडकी एक्स्प्रेस

शोधू, आणि आपल्या घरच्या लीगची अवस्था आणखी वाईट होईल. अरातासाठी बालेवाडीत मीही ओरडलोय, पण त्याने पुण्यात एक तरी अकादमी उभी राहिली का? आज पुणे एफसीसुद्धा नाही.

वास्को गोलकी

पुणे एफसी अरातामुळे बंद पडला का? मालकाने हात आखडले. काहीही जोडताय राव.

ठाण्याचा स्टॉपर

पुणे एफसीसाठी वेगळा धागा काढा, मी येतो. इथे मालाडना एक प्रश्न बाकी आहे. ब्लूमफॉन्टेनच्या स्वयंगोलानंतर पुढच्याच महिन्यात लेसोथोविरुद्ध पात्रतेची आशा टांगणीला होती. तेव्हा पेनल्टी घ्यायला कोण पुढे आलं?

मालाड मॉर्निंग

तोच. आणि मारलीही. पण परत पेनल्टीच ना!