जपानी तलवारीचा हामोन छायाचित्रात का उतरत नाही? पाहणे, टिपणे आणि विकत घेणे याविषयी मार्गदर्शन हवे

सुमिदाकाठ (धागालेखक)

नमस्कार.

नोकरीच्या निमित्ताने मी तोक्योत राहतो आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या जपानी तलवारी पाहायला जाण्याची मला गोडी लागली आहे. उएनो येथील तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयाच्या मुख्य इमारतीत तळमजल्यावरील १३ क्रमांकाच्या दालनात तलवारी मांडलेल्या असतात, वरच्या मजल्यावर सामुराईंची चिलखते असतात, आणि र्‍योगोकु येथे तर तलवारींचे स्वतंत्र संग्रहालयच आहे.

माझी अडचण अशी की काचेसमोर उभे असताना धारेलगतची ती धुकट, नागमोडी सीमारेषा, म्हणजे हामोन, क्षणभर दिसते आणि मान थोडी हलली की नाहीशी होते. छायाचित्रात एकतर सगळे पाते सपाट राखाडी येते, नाहीतर धारेजवळ नुसता पांढरा पट्टा दिसतो. यात माझी पाहण्याची पद्धत चुकते की टिपण्याची?

दुसरा प्रश्न संग्रहाचा आहे. एका दुकानात एदो काळातील (१६०३–१८६८) एक वाकिझाशी, म्हणजे आखूड तलवार, साध्या लाकडी म्यानात ठेवलेली पाहिली. किंमत आवाक्यातली आहे. ती घ्यावी का, आणि पुढे भारतात परतताना सोबत नेता येईल का? चिलखतांबद्दलही कोणी लिहिले तर आनंद होईल.

तिरपा_उजेड

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाते कसे घडते यातच आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो.

लोहार पात्यावर मातीचा लेप देतो, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ, आणि मग पाते तापवून पाण्यात बुडवतो. पातळ लेपाखालचे पोलाद झटकन थंड होऊन अतिशय कठीण बनते, तर पाठीकडचे सावकाश थंड झाल्यामुळे चिवट राहते. आपल्याकडचे लोहारही धारेला पाणी देतात. जपानी लोहाराने त्या पाण्याची सीमाच सौंदर्याचा विषय केली. या सीमेवर कठीण पोलादाचे सूक्ष्म स्फटिक असतात. ते मोठे आणि सुटे सुटे चमकत असतील तर त्यांना निए म्हणतात, आणि डोळ्यांना वेगळे करता येणार नाहीत इतके बारीक, धुक्यासारखे असतील तर निओइ. घासून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग दिव्याचा प्रकाश आरशासारखा एकाच दिशेला परतवतो, तर हे स्फटिक तो विखुरतात. म्हणूनच छतावरच्या पसरट उजेडात दोन्हींमधला फरक पुसला जातो आणि एकाच लहान, तीव्र दिव्याच्या उजेडात तो उठून दिसतो.

तेव्हा संग्रहालयात प्रथम पात्यावर पडणारा दिवा कोठे आहे ते शोधा. गुडघे वाकवून डोळे हळूहळू खाली-वर न्या, म्हणजे दिव्याचे प्रतिबिंब पात्यावरून सरकू लागेल. हामोन त्या प्रतिबिंबाच्या अगदी कडेला दिसतो, प्रतिबिंबात नाही आणि फार दूरही नाही. एका पात्यापुढे बराच वेळ घालवावा लागतो आणि मागे लोक खोळंबतात, म्हणून शक्यतो सकाळी दार उघडताच जावे.

घाई करून थेट हामोनाकडे वळू नये, असे माझे मत आहे. आधी दूर उभे राहून घाट पाहावा. हेइआनच्या उत्तरार्धात आणि कामाकुरा काळाच्या आरंभी (अकरावे ते तेरावे शतक) घडवलेल्या ताचीची, म्हणजे कमरेला लटकवायच्या लांब तलवारीची, वक्रता मुठीजवळ अधिक असते. नानबोकुचो काळात (चौदावे शतक) पाती रुंद झाली आणि टोके लांबली. आणि १६६१ ते १६७३ या कानबुन वर्षांतील कित्येक तलवारी जवळजवळ सरळ आहेत. ताची धार खाली करून मांडतात, कमरपट्ट्यात खोचायची कताना धार वर करून, कारण त्या कमरेला तशाच लावल्या जात. त्यानंतर पोलादाचा पोत पाहावा, मग हामोन, आणि शेवटी टोकाशी तो कसा वळतो ते. ओकायामा प्रांतातील ओसाफुने परिसराच्या, म्हणजे बिझेन परंपरेच्या पात्यांत हामोनाच्या वर उत्सुरी नावाची एक फिकट सावली असते; ती दिसू लागली की आपली नजर तयार होऊ लागली असे समजावे.

पांढऱ्या पट्ट्याचे कारणही सांगतो. मेइजी काळापासून (१८६८–१९१२) रूढ झालेल्या हादोरी नावाच्या पद्धतीत घासणारा कारागीर बारीक दगडाने धारेकडचा भाग पांढरट करतो. हा पट्टा हामोनाला ढोबळपणे अनुसरतो, पण तो हामोन नव्हे. खरी सीमा त्या पांढरेपणाच्या आत दडलेली असते आणि तिरप्या प्रकाशातच उघड होते. दुकानांच्या जाहिरातींतील पुष्कळ छायाचित्रांत आपल्याला घासणाऱ्याचे काम दिसते, लोहाराचे दिसत नाही.

संधी मिळाल्यास एखाद्या अभ्यासमंडळाच्या बैठकीला जरूर जा, कारण तेथे पाते हातात घेऊन पाहता येते. अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवतात, पात्याला वाकून नमस्कार करतात, धार वर ठेवून म्यानातून काढतात, पोलादाला बोट लावत नाहीत आणि पात्यावर तोंड करून बोलत नाहीत, कारण थुंकीचा कणही गंज धरवतो. पाते पाहून झाल्यावर त्याचे चित्र काढण्याचा आग्रह मी करीन. ओशिगाता नावाची जुनी पद्धत अशीच आहे: पातळ कागद ठेवून बाह्यरेषा आणि मुठीत जाणाऱ्या भागाचा ठसा घ्यायचा, आणि हामोन मात्र पाहून पाहून हाताने रेखाटायचा. छायाचित्रण आल्यानंतरही अभ्यासक ती सोडायला तयार नाहीत, यामागे सबळ कारण आहे.

कृष्णधवल

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत होऊन फक्त छायाचित्रणाची बाजू लिहितो.

उएनोला कायमच्या दालनांत छायाचित्रे घेता येतात. फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाहीत, आणि ज्या वस्तूपाशी मनाईची खूण आहे ती टिपायची नाही. इतर ठिकाणी प्रत्येक प्रदर्शनाचा नियम वेगळा असू शकतो, तो दाराशीच विचारून घ्यावा. गडद रंगाचे कपडे घालून जा, म्हणजे काचेत आपलेच प्रतिबिंब येणार नाही. भिंग काचेच्या जवळ न्या, पण काचेला टेकवू नका. कॅमेरा काळी पार्श्वभूमी पाहून एक्स्पोजर वाढवतो आणि नेमका हामोन जळून जातो, म्हणून एक्स्पोजर हाताने कमी करावे. सावल्या काळ्या झाल्या तरी चालतील.

संपूर्ण पाते एकाच चित्रात आणि त्यावर टोकापर्यंत हामोन, हा हट्ट सोडून द्या. पाते लांब आणि वक्र, दिवा एक, त्यामुळे योग्य कोन एका वेळी थोड्याच लांबीला साधतो. घाटासाठी एक चित्र वेगळे घ्यावे आणि हामोनासाठी तुकड्या-तुकड्यांनी, एकमेकांवर थोडे चढतील असे भाग टिपावेत.

ध्रुवक फिल्टरबद्दल पुष्कळ गैरसमज आहे. काचेवरचे प्रतिबिंब तो कमी करतो, पण काचेशी बऱ्यापैकी तिरके उभे राहिल्यावरच. समोरून सरळ टिपताना त्याचा उपयोग होत नाही. पोलादावरून परतणारा प्रकाश काचेवरून परतणाऱ्या प्रकाशासारखा ध्रुवित होत नसल्यामुळे पात्याची चकाकी तो काढू शकत नाही. चिलखतावरच्या लाखेची चकाकी मात्र तो छान काढतो.

पाते स्वतःचे असेल तर काम सोपे आहे. काळे मखमली कापड, एक लहान दिवा, पक्का ट्रायपॉड आणि बाकी सगळा अंधार. टिपण्यापूर्वी तेल पुसून काढा, कारण तेलाच्या थरावर निओइ झाकोळते, आणि काम संपताच पुन्हा तेलाचा हलका हात फिरवा. मुठीत जाणाऱ्या भागावरील कोरलेले नाव टिपताना दिवा जवळजवळ पृष्ठभागाला समांतर ठेवला की अक्षरांच्या कडा उभ्या राहतात.

मांडवीतीर

चिलखतांविषयी विचारले आहे म्हणून लिहिते. त्यांचे पाहणे तलवारीपेक्षा वेगळे आहे, कारण लोखंडाइतकेच तिथे रेशीम, चामडे आणि लाख यांना महत्त्व आहे, आणि रेशमी विणीचा रंग उजेडाने कायमचा उडतो. दालन मंद ठेवलेले असते ते यासाठी, आणि वस्तू ठरावीक काळाने बदलतात तेही यासाठीच. त्यामुळे एखादे विशिष्ट चिलखत पाहायचे असेल तर ते सध्या मांडलेले आहे का हे आधी तपासावे.

उएनोच्या संग्रहात साकाकिबारा यासुमासा या सरदाराचे नानबान पद्धतीचे चिलखत आहे. युरोपीय छातीपत्र्याला जपानी जोड देऊन केलेले हे काम मला फार मोलाचे वाटते, आणि गोव्याची असल्यामुळे त्यात एक जास्तीचा जिव्हाळाही आहे. १५८८ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने जपानचा तत्कालीन सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याला चर्मपत्रावर लिहिलेले पत्र क्योतोच्या म्योहोइन मंदिराच्या मालकीचे असून ते जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. त्याच्यासोबत पाठवलेल्या भेटींत तलवारी, चिलखते आणि घोडे होते. उलट दिशेनेही असे नजराणे गेले. १६१३ मध्ये शोगुन (लष्करी शासक) तोकुगावा हिदेतादाने इंग्लंडच्या जेम्स राजासाठी दिलेली चिलखते इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचा कप्तान जॉन सारिस याच्याबरोबर गेली आणि त्यांतील इवाई योझाएमोन याने बनवलेले आजही ब्रिटनच्या रॉयल आर्मरीज या शस्त्रसंग्रहालयात आहे.

प्रवासाची तयारी असेल तर एहिमे प्रांतातील ओमिशिमा बेटावरच्या ओयामाझुमी देवस्थानी जा. विजयानंतर योद्ध्यांनी वाहिलेली जुनी चिलखते एका जागी पाहायची तर त्याच्या तोडीचे दुसरे ठिकाण नाही.

विकत घेण्याबाबत एकच सूचना. बाजारातील पुष्कळ चिलखते वेगवेगळ्या संचांतील भाग जुळवून केलेली असतात. शिरस्त्राण, बाह्या आणि मांडीवरचे पट्टे यांची लाख, विणीचा रंग आणि कुळचिन्ह एकमेकांशी जुळते का ते पाहावे.

जुनेपाने

संग्रहाची कायदेशीर बाजू आधी. जपानमध्ये १९५८ च्या बंदुका व तलवारींविषयीच्या कायद्यानुसार प्रत्येक तलवारीसोबत तोरोकुशो हे नोंदणीपत्र असावे लागते. ते व्यक्तीला मिळत नाही, तलवारीला मिळते, त्यामुळे आपल्यासारख्या परदेशी रहिवाशालाही तलवार घेता येते. मात्र ते देणाऱ्या प्रांताच्या शिक्षण मंडळाला मालकी बदलल्याचे २० दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. पत्रावरील लांबी, मुठीच्या खिळ्याची भोके आणि कोरीव नाव प्रत्यक्ष पात्याशी ताडून पाहावे.

भारतात नेण्याचा विचार असेल तर दोन्ही बाजूंची कागदपत्रे आधी हाती हवीत. जपान सोडताना सांस्कृतिक व्यवहार विभागाचे प्रमाणपत्र लागते आणि तोरोकुशो परत करावे लागते. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ तलवारीलाही लागू आहे, आणि त्याच्या १० व्या कलमानुसार शस्त्रे देशात आणण्यासाठी परवाना लागतो. हे विमानतळावर उतरल्यावर विचारायचे प्रश्न नव्हेत. जाणकार वकिलाशी बोलूनच पाऊल उचला.

आता घ्यावी का? काही अनुभवी मंडळी सुरुवातीला काहीच घेऊ नका असे सांगतात. मला ते पूर्णपणे पटत नाही, कारण साधी पण निर्दोष वाकिझाशी जवळ असली की देखभालीची शिस्त लागते आणि रोज पाहता येते. मात्र नावासाठी जास्त पैसे मोजू नका. प्रसिद्ध लोहारांची खोटी नावे कोरण्याचा उद्योग शतकानुशतके चालत आला आहे. तलवार जतन संस्थेचे होझोन (जतनयोग्य) किंवा तोकुबेत्सु होझोन (विशेष जतनयोग्य) प्रमाणपत्र असेल तर आधार मिळतो. १९८२ पूर्वीच्या पद्धतीची पांढरी व हिरवी प्रमाणपत्रे मात्र संग्राहक पुरेशी मानत नाहीत, आणि तशी तलवार नव्याने तपासून घेणे शहाणपणाचे.

सुमिदाकाठ (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. काल दुकानात पुन्हा जाऊन पाहिले. प्रमाणपत्र हिरवे, जुन्या पद्धतीचे आहे. मुठीतला भाग गर्द तपकिरी आहे, तो स्वच्छ करून घ्यावा असे एका मित्राने सुचवले. शिवाय पात्याच्या मध्यावर, अगदी धारेशी, केसाएवढी एक रेघ दिसली. विक्रेता म्हणतो की तो ओरखडा आहे, घासून जाईल.

जुनेपाने

मुठीतल्या भागाचा गंज कधीही काढू नये. तलवारीचे वय आणि कोरीव नावाचा खरेपणा ठरवताना अभ्यासक तोच गंज वाचतात. तो घालवला की पुरावा गेला आणि किंमतही गेली.

रेघेची गोष्ट गंभीर आहे. धारेला काटकोनात, धारेपासून हामोनाच्या आत जाणारी तड असेल तर तिला हागिरे म्हणतात. ती घासून जात नाही, आणि संग्राहकांच्या दृष्टीने हा सर्वांत मोठा दोष आहे. शिवाय प्रत्येक घासणीत पोलाद झिजते, आणि चांगल्या कारागिराची मजुरी अशा वाकिझाशीच्या किमतीपेक्षाही जास्त होऊ शकते.

तिरपा_उजेड

ओळखण्याची रीत सांगतो. विक्रेत्याची परवानगी घेऊन धार एकाच दिव्याकडे करा आणि पाते अगदी हळू फिरवा. ओरखडा पृष्ठभागावर असतो, त्यामुळे प्रकाशाचा कोन बदलला की तो उजळतो किंवा फिका पडतो. हागिरे मात्र काळी बारीक रेघ म्हणून टिकून राहते, आणि बहुधा पात्याच्या दुसऱ्या बाजूलाही नेमकी त्याच जागी दिसते. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.