चहा सोडा, सुकट सोडा, पेस्ट सोडा... मग खायचं काय?

जांभ्याचा चिरा: कालपासून गावच्या ग्रुपवर पोस्ट फिरतेय, चहा, सुकी मासळी आणि टूथपेस्ट तिन्हींत फ्लोराइड नावाचा क्षार, तिन्ही बंद करा नाहीतर हाडं वाकतील. डोकं उठलं वाचून. हाडं वाकली ती यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गावांत, आणि ती बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने. पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर 1.5, तिथे त्याच्याही वर जातं. त्या लोकांचं दुखणं उचलून आपल्या म्हाताऱ्यांना कशाला घाबरवता?

दापोलीची माई: पण चहात असतं हे खोटं आहे का? चहाचं झाड जमिनीतलं फ्लोराइड पानात साठवतं, जून पानात जास्त. आमचे सासरे दिवसभर कोरा चहा पितात, त्यात स्वस्तातली भुकटी, तीच परत उकळतात, गुडघे धरून बसलेले असतात. मी बोलले की मीच वाईट.

रापणकर: माझ्या आजयेन जन्मभर सुकाट खाल्ल्यान, दात मरेपर्यंत शाबूत. सुकटीक नावा ठेवू नकात.

दापोलीची माई: सगळ्यांच्या आज्या धडधाकटच असतात. फ्लोराइड काट्यात असतं, जवळा-सुकट आपण अख्खी खातो. हां, कॅल्शियमपण त्यातच असतं आणि ते फ्लोराइड अंगात कमी मुरू देतं, एवढं तुमचं खरं.

वाशिष्ठीकाठ: चहा-सुकट काय घेऊन बसलात, पाण्याचं बोला! एवढा पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर. विहिरी बुजवून सगळ्यांनी बोअर मारल्या, खोल कातळात पाणी जितकं मुरतं तितकं खडकातलं फ्लोराइड उतरतं. आम्ही नमुना तपासायला दिला, त्याचा कागद अजून आला नाही.

जांभ्याचा चिरा: विषय भरकटवू नका. टँकरवर वेगळा धागा काढा.

वाशिष्ठीकाठ: विषय हाच आहे! आपल्या रत्नागिरीतल्या उन्हवरे, तुरळच्या गरम झऱ्यांत किती फ्लोराइड असतं ते बघा.

रापणकर: थंय आंघोळीक जातत, पियाक नाय.

वाशिष्ठीकाठ: बोअरचं तर पितात ना? वर शेजारी सांगतात उकळून प्या. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड तसंच राहतं, पाणी आटलं की उलट दाट होतं. चिडू नको तर काय करू?

बालवाडीची ताई: पेस्टबद्दल सांगते. जास्त फ्लोराइडने दातावर पांढरे-तपकिरी डाग पडतात ते दात हिरडीत तयार होत असताना, साधारण आठ वर्षांपर्यंत. माझा भाचा गोड लागते म्हणून पेस्ट गिळायचा. तीन वर्षांखालच्या लहानांना वाटाण्याएवढीपण नको, तांदळाच्या दाण्याएवढी पुरे, आणि थुंकायला लावा. पण बंद करू नका, पेस्टमधलं फ्लोराइड दात किडण्यापासून वाचवतं, आणि किडलेले दात मी रोज बघते. आणि आत्याबाईंचे काळे दात मिश्रीने झालेत, त्यात फ्लोराइडला गोवू नका.

जांभ्याचा चिरा: ताई, पटलं. माई, सासऱ्यांचा चहा कमी करा, तेही ठीक. बोअरचं पाणी तपासून घ्यायला हवं हेही मानतो. पण पोस्टवाल्याने पाण्याचं नावसुद्धा काढलं नाही आणि कोळणीच्या टोपलीवर घसरला, माझा राग त्यावर आहे.

वाशिष्ठीकाठ: मग हे त्याच ग्रुपवर लिहा. इथे आम्हीच वाचतोय.