शब्द हवा: तारण, मुक्ती की मोक्ष?

पानगळ:
एका जुन्या चर्चच्या आवारात लावायच्या माहितीफलकाचं मराठी करते आहे. वाचणारे बहुतेक पर्यटक, म्हणजे ख्रिस्ती नसलेलेच जास्त. मधोमध बायबलातल्या इफिसकरांस पत्रातलं वचन आहे. ते मी पवित्र शास्त्रातलं, म्हणजे मराठी बायबलातलं, जसंच्या तसं घेतलं: ‘कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे.’ काम देणाऱ्यांकडून परत आलं तेव्हा ‘तारण’खाली लाल रेघ होती. शेरा असा: ‘तारण बँकेत ठेवतात. इथे मोक्ष लिहा.’ मला मोक्ष पटत नाही, पण का नाही ते दोन ओळींत सांगता येईना. शुक्रवारी मजकूर रंगाऱ्याकडे जाणार आहे. सुचवा.

कोरडवाहू:
मोक्ष नकोच, ताई. मोक्ष म्हटलं की जन्ममरणाचा फेरा आला. ख्रिस्ती श्रद्धेत फेराच नाही. एक जन्म, एक मरण, मग न्याय. आणि सुटलेला माणूस कशात विलीन होत नाही, देहानिशी उठतो. ‘मुक्ती’ लिहा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या कामाला मुक्तीच नाव दिलं, आणि त्यांच्याइतकं संस्कृत आपल्यापैकी कुणाला येतं?

आडवळण:
रमाबाईंचं नाव काढलंत म्हणून सांगतो. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि आख्खं बायबल मराठीत आणलं. ते छापून पूर्ण झालं १९२४ साली, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी. साध्या बायाबापड्यांना कळेल अशी मराठी हवी, हा त्यांचा ध्यास होता. म्हणजे संस्कृताचा दाखला त्यांच्या नावावर देऊ नये.
शिवाय मुक्ती वारकऱ्यांना तरी कुठे हवी होती? ‘न लगे मुक्ति आणि संपदा’ म्हणणाऱ्या तुकोबांच्या महाराष्ट्रात मुक्ती हीच सगळ्यांत वरची पायरी असं धरून चालता येत नाही.

नगरची माहेरवाशीण:
तारणच ठेवा. बँकेचा अर्थ आहे म्हणूनच ठेवा.
बहात्तरच्या दुष्काळात आजीच्या दोन पाटल्या सावकाराकडे तारण होत्या. आजोबांनी त्या सोडवून आणल्या तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. आजीने रिठ्याच्या पाण्यात त्या घासल्या, हाताला तेल लावून चढवल्या. तेवढ्या काळात मनगट वाळून गेलं होतं, तेल लागलंच नसतं. नंतर आयुष्यभर प्रार्थनेत ‘प्रभू, तू आम्हाला सोडवलंस’ म्हणताना तिचा उजवा हात डाव्या पाटलीवर जायचा आणि ती पाटली फिरवत राहायची. तिला कुणी शब्दार्थ शिकवला नव्हता.

दप्तरखाना:
गोष्ट फार सुंदर आहे, पण व्याकरण वेगळं सांगतं. मूळ धातू ‘तॄ’, तरणे. त्याचं प्रयोजक तारणे, म्हणजे पैलतीरी नेणे. तारू, तारक, ‘देव तारी त्याला कोण मारी’ सगळं त्याच कुळातलं. शेवटचा ‘-न’ क्रियाही दाखवतो आणि साधनही, ‘वाहन’ आठवा. बायबलातलं तारण ही क्रिया आहे. बँकेतलं तारण हे साधन, कर्ज बुडालं तर सावकाराला तारणारी वस्तू. आजीच्या पाटल्यांनी तारला तो सावकार, आजी नव्हे.

नगरची माहेरवाशीण:
दप्तरखानादादा, व्याकरण मान्य. पण तिला कळलं ते पाटल्यांच्या बाजूने कळलं. परक्याच्या पेटीत पडलेली वस्तू स्वतः उठून घरी येत नाही, कुणीतरी दाम मोजून आणावी लागते. मार्काच्या शुभवर्तमानात येशू ‘आपला जीव खंडणी म्हणून’ देतो ते हेच.

मायबोली शुद्ध:
हेच माझं दुखणं आहे. खंडणी! आजचा वाचक खंडणी म्हटल्यावर धमकीचा फोन समजतो. देवाच्या पुत्राने खंडणी कुणाला दिली, सैतानाला? मिशनरी मराठी मला कधी मराठी वाटली नाही. शब्द आपले, पण वाक्य परक्या हाडाचं. ‘विश्वासाच्या द्वारे’ असं कोण बोलतं?

नगरची माहेरवाशीण:
आम्ही बोलतो. नगरला मिशन आलं १८३१ साली, ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं नियतकालिक निघालं १८४२ साली. आमच्या घरात याच मराठीत पाच पिढ्या बारशाला प्रार्थना झाली आणि कबरीवर माती पडली. आणखी किती पिढ्यांनी ती मराठी ठरेल? खंडणी हा शब्द बायबलाने बिघडवला नाही. मांडलिकाने ठरवून भरायची रक्कम, असा तो जुना दरबारी शब्द आहे. बिघडला तो अलीकडच्या बातम्यांत.

आडवळण:
शुद्धजी, ‘कुणाला दिली’ हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तुमच्या आधी ख्रिस्ती पंडितांनीच तो विचारला होता. ओरिजेन सैतानाकडे बोट दाखवतो. नाझियान्झचा ग्रेगरी म्हणतो, चोराला दाम द्यायचा, हे लाजिरवाणं आहे. अकराव्या शतकाच्या शेवटी आन्सेल्मने मांडलं की देणं देवाचंच होतं. यात मराठीचा दोष नाही.
भाषेबद्दल म्हणाल तर ना. वा. टिळकांचे अभंग वाचा. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो असं ते सांगत.

मांडवीपार:
गोव्यातून लिहितो. आमच्या कोंकणी प्रार्थनेत तारणारा म्हणजे ‘सोडवणदार’. माहेरवाशीणताईंच्या आजीचं क्रियापद तेच निघालं, म्हणून राहवलं नाही. आणि शेवटच्या न्यायाला आम्ही ‘झडती’ म्हणतो. लहानपणी सुट्टीत बेळगावला मावशीकडे होतो, शेजारी पोलिसांनी झडती घेतली असं कुणीतरी म्हणालं आणि मी रडायला लागलो. मला वाटलं, जगाचा शेवट आला.

दप्तरखाना:
मांडवीपार, फार मोलाचं दिलंत! पेशवाईच्या हिशेबात झडती म्हणजे सालअखेरचा जमाखर्च. आधी अजमास म्हणजे अंदाज, मग झडती. खिसे चाचपणं हा अर्थ आज वर राहिला, पण ‘झडती देणे’ म्हणजे हिशेब देणे. आता ओळीने ठेवा: ऋण, तारण, खंडणी, झडती. येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतही मत्तयच्या शुभवर्तमानात ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ आहे, लूककडे पापे. येशूच्या अरामी बोलीत ‘होबा’ या एकाच शब्दात दोन्ही मावतात. पाप हे मुळात देणं आहे.

कोरडवाहू:
मुळात म्हणू नका. हिब्रूत पापाचं क्रियापद नेम चुकण्याचं आहे. बायबलाच्या जुन्या करारात, शास्ते २०:१६ मध्ये, बन्यामीन वंशाचे सातशे डावखुरे गोफणवाले केसावर धोंडा मारीत आणि चुकत नसत. तिथे ‘चुकणे’ला तेच क्रियापद. मी ज्वारीच्या माचाणावर गोफण फिरवलेली आहे. दोरी क्षणभर उशिरा सुटली की धोंडा पाखराऐवजी बांधापलीकडे जातो, आणि सुटल्यावर काही करता येत नाही. पाप म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

मायबोली शुद्ध:
व्युत्पत्तीवरून श्रद्धा ठरत नाही. आणि हिशेबच म्हणायचा तर मराठी माणसाचं पाप पुण्याशी जोडलेलं असतं. पाप खर्ची, पुण्य जमेला. तुमच्या इफिसकरांत पुण्याची जमा चालतच नाही, ‘हे देवाचे दान आहे’ असं पुढे आहे. मग पाप हा शब्दसुद्धा अपुराच.

नगरची माहेरवाशीण:
म्हणूनच रोमकरांस पत्रात ‘देवाच्या गौरवाला उणे पडले आहेत’ असं आलंय. उणे पडणे! यात कुठलं परकं हाड दिसतं?

पानगळ:
सगळ्यांचे आभार. शुक्रवार उलटला. ‘तारण’ तसंच ठेवलं, आणि कारण म्हणून माहेरवाशीणताईंच्या पाटल्यांची गोष्ट त्यांचं नाव न घेता लिहून पाठवली. अजून उत्तर नाही.

कोरडवाहू:
‘उणे पडणे’ तुमच्याकडे अजून बोलतात का? आमच्याकडे पायली भरताना वर शीग राहिली नाही की धान्य उणं पडलं म्हणतात.

दप्तरखाना:
कोरडवाहू, शीग म्हणता की शिगोर? गाव कुठलं तुमचं?