मदत हवी आहे: छंद म्हणून लिहिलेलं सॉफ्टवेअर फुकट द्यावं का?

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून तीन वर्षं रात्री जागून एक सॉफ्टवेअर लिहिलंय, स्कॅन केलेल्या जुन्या कागदांतला मजकूर शोधून देणारं. ते सगळ्यांना फुकट द्यावं की थोडे पैसे घ्यावेत, ठरत नाहीये.

मन फुकटाकडे ओढतं. मी शिकलो तेच मुळी इतरांनी खुला ठेवलेला कोड वाचून. लिनस टोरवाल्ड्स यांनीही १९९१ मध्ये लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम छंद म्हणूनच सुरू केली आणि पुढच्या वर्षी जीपीएल या खुल्या परवान्याखाली आणली. पण २०१४ चं हार्टब्लीड प्रकरण आठवतं, ओपनएसएसएल या खुल्या सुरक्षा-सॉफ्टवेअरमधल्या गंभीर चुकीचं: असंख्य वेबसाइट त्यावर विसंबून होत्या आणि ते सांभाळणारे लोक मोजकेच. वापरणाऱ्यांच्या मागण्या कशा वाढत जातात, हे मी ओळखीच्या पंधरावीस जणांतच पाहिलंय.

एमआयटी लायसन्स (जवळजवळ काहीच अटी नसलेला परवाना) दिलं तर कुणीही माझा कोड आपल्या बंद उत्पादनात घालून विकू शकतो, आणि ते मला खरंच खुपेल. जीपीएलमध्ये प्रत देणाऱ्याला सोर्सही (मूळ कोड) द्यावा लागतो, शिवाय पैसे घ्यायला मनाई नाही. मग कोड खुला ठेवून तयार इन्स्टॉलर विकणं कुणी करून पाहिलंय का? लोक खरंच पैसे देतात?

आणि फावल्या वेळात लिहिलेल्या कोडवर कंपनी हक्क सांगू शकते का? करारात नेमकं कुठलं कलम तपासू?