घार काहीच खात नाहीये, काय देऊ? लवकर सांगा (सोलापूर)

अंगणातली_अक्का | सकाळी ६:४०
काल दुपारी गच्चीवर घार पडली. उडत नाही, खात नाही. दूध-पाव ठेवला, शिवलीसुद्धा नाही. मग चिकनचे तुकडे ठेवले, तेही तसेच. डोळे मिटून बसलीय. काय दिलं तर खाईल? पटकन सांगा. आज नळाला पाणी यायचा दिवस आहे, मला सारखं फोन बघायला जमणार नाही.

पंखवाला | ६:५५
दूध-पाव आधी उचला. पक्ष्यांना दूध पचत नाही, आणि घार मांसाहारी आहे. आता सांगा: जखम आहे का? एक पंख लोंबतोय का? पायाची पकड आहे का? विष्ठेचा रंग? कशात ठेवलीय? फोटो टाका.

कडक_भाकरी | ७:०२
उन्हानं पडली असणार, दुसरं काय. दुपारी पारा ४२च्या पुढे जायलाय, माणसं पडायलेत, तिथं घारीचं काय. ड्रॉपरनं चोचीत साखर-मिठाचं पाणी सोडा. तासाभरात उठून बसेल.

पंखवाला | ७:०५
चोचीत पाणी सोडू नका!! श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं. अर्धवट शुद्धीतल्या पक्ष्याच्या तोंडात पाणी ओतलं की ते सरळ फुप्फुसात जातं. फार तर चोचीच्या कडेला एकेक थेंब लावायचा, स्वतः गिळत असेल तरच.

कडक_भाकरी | ७:०९
आम्ही लहानपणापासून चिमण्यांना असंच पाजतोय. एकही मेली नाही.

पंखवाला | ७:११
मेलेल्या चिमण्या सांगायला येत नसतात.

हुरडा_पार्टी | ७:३०
घार घरात ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. १९२६ वर फोन करून वन विभागाच्या ताब्यात द्या. एवढं सोपं आहे, धागा कशाला?

शेंगा_चटणी | ७:४४
चिकनला मीठ-हळद लावलेली होती का? आमच्याकडे मांजर पण तसलं खात नाही.

अंगणातली_अक्का | ९:२०
पाणी भरत होते. जखम नाही, पंख दोन्ही सारखे आहेत. मीठ-हळद काही लावलेलं नव्हतं. १९२६ ला लावलाय, संध्याकाळपर्यंत माणूस येईल म्हणाले. तोवर काय खायला देऊ, एवढाच प्रश्न आहे ओ. जाळीच्या पिंजऱ्यात आहे, खुराड्याला लागून, कारण सावली तिथंच आहे.

पंखवाला | ९:२४
खुराडं? कोंबड्या आहेत तुमच्याकडे?

अंगणातली_अक्का | ९:२५
आहेत की. त्याचा काय संबंध?

पंखवाला | ९:३१
कोंबड्यांना दिवसभर डोळ्यासमोर घार, आणि घारीला दिवसभर कोंबड्यांचा कलकलाट. दोघींच्या जिवाला घोर. आणि जाळीवर पंख आपटून पिसं मोडली की बरी झालेली घारसुद्धा महिनोन्महिने उडत नाही. पुठ्ठ्याचं मोठं खोकं घ्या, भोकं पाडा, तळाला जुना टॉवेल घाला, अंधाऱ्या गार खोलीत ठेवा. उचलताना डोक्यावर टॉवेल टाका आणि आधी पाय धरा. तिचं हत्यार चोच नाही, नखं आहेत.

निवृत्त_पशुवैद्य | ९:४०
अक्का, मी सरकारी दवाखान्यात नोकरी केलेली आहे, म्हणून विचारतो. कोंबड्या किती, वय काय, राणीखेतची (कोंबड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग) लस कधी दिली? घारीशिवाय आणखी पक्षी आहेत का? आणि या सगळ्यांचं पाणी वेगवेगळं आहे का?

कोंबडी_प्रेमी_बाळे | ९:४२
कडकनाथ आहेत का? जोडी काय भावानं देणार?

अंगणातली_अक्का | १०:५०
अहो मी घारीचं विचारलंय! पण विचारताय तर सांगते. सकाळी साडेपाचला कोंबड्या सोडते, सगळ्या गिरिराज आणि गावरान मिळून डझनभर. त्यांचं खाद्य, घाण काढणं, अंडी गोळा करणं. मागच्या गल्लीत लिंबाची फांदी तोडताना बुलबुलाचं घरटं खाली आलं, त्यातली पिल्लं आहेत, त्यांना दर अर्ध्या तासाला भरवावं लागतं, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. एक पिंगळा आहे, तो रात्री जागतो आणि मलाही जागवतो. शेजारच्या काकू म्हणतात घुबड दारात ठेवलंस म्हणून तुझ्या कोंबड्या अंडी कमी द्यायला लागल्या. आणि एक पारवा आहे, मान उलटी करून आभाळाकडे बघत बसतो, आमची पोरं त्याला योगा मास्तर म्हणतात. पारव्याला पाणी कोंबड्यांच्याच थाळ्यातून देते, वेगळं कशाला? लस पिल्लं विकणाऱ्यानं दिलीय म्हणाला होता. शिवाय आज पाणी, सासूबाईंची गोळी, दुपारचा डबा. आता सांगा घारीला काय देऊ.

निवृत्त_पशुवैद्य | ११:०२
घार राहू दे बाजूला. तो पारवा आधी हलवा. मान पिळवटलेला पारवा बऱ्याचदा एका विषाणूनं आजारी असतो, आणि तो विषाणू राणीखेतच्याच विषाणूचा एक प्रकार आहे. डोक्याला मार लागल्यानं किंवा जीवनसत्त्वाच्या कमतरतेनंही मान वाकडी होते, पण अंगणात लसीची खात्री नसलेल्या कोंबड्या असताना मी वाईटच गृहीत धरीन. थाळा घासून उन्हात टाका. कोंबड्या तोंड उघडून धापा टाकतात का? हिरवट पातळ विष्ठा? पाय ओढत चालतंय कुणी?

अंगणातली_अक्का | ११:१०
धापा टाकतात. दुपारीच. हिरवी नाही दिसली. अंडी कमी झालीत ती खरी.

हुरडा_पार्टी | ११:१४
बर्ड फ्लू!! २०२५ विसरलात का सगळे? आधी उदगीरला कावळे मेले, मग मार्चमध्ये आपल्या सोलापुरात. सगळ्या कोंबड्या ताबडतोब...

निवृत्त_पशुवैद्य | ११:२१
उगाच घाबरवू नका. आसपास कावळे किंवा कोंबड्या एकाएकी मरून पडल्या आहेत का, ते आधी बघायचं. तसं असेल तर मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलायचा नाही, पशुसंवर्धन विभागाला कळवायचं. ते नमुने घेतात, तपासणी भोपाळच्या प्रयोगशाळेत होते. त्याआधी धाग्यावर निदान नको.

कडक_भाकरी | ११:२५
मी सकाळपासून सांगतोय, ऊन आहे ते. कोंबडीला घाम येत नाही, तोंड उघडूनच ती गार होते. लसूण-हळद ठेचून पाण्यात घाला, कुठलाही रोग जवळ येत नाही. आमच्या आजीचा उपाय.

पंखवाला | ११:२८
लसणानं विषाणू मरत नाही भाऊ.

कडक_भाकरी | ११:२९
आजी नव्वदीपर्यंत जगली.

शेंगा_चटणी | ११:३१
आजी की कोंबडी?

निवृत्त_पशुवैद्य | ११:४५
उन्हाचं भाकरी म्हणतात ते निम्मं बरोबर आहे, फक्त लसूण सोडा. खाद्य पहाटे आणि दिवस कलल्यावर द्या, दुपारी भांडी उचलून ठेवा, कारण पचनानं अंगातली उष्णता वाढते. दुपारी फक्त पाणी, माठातलं, दोन-तीन ठिकाणी. खुराड्याला पत्रा असेल तर वरून चुना मारा आणि कडबा पसरा. बाजूंना ओली पोती लावा, पण वारा अडवू नका. एवढं करून धापा थांबल्या तर ऊन. गार वेळेलाही चालूच राहिल्या, घशातून घरघर आली, मान वाकडी झाली, तर दवाखाना. उन्हानंही अंडी घटतात, त्यात पिंगळ्याचा काही दोष नाही.

नान्नजचा_पाहुणा | १२:०५
या सगळ्या भानगडीपेक्षा घार नान्नजच्या माळढोक अभयारण्यात नेऊन सोडा. मोकळं रान आहे, बरी होईल आपोआप.

पंखवाला | १२:०९
आजारी पक्षी अभयारण्यात नेऊन टाकायचा? तो आजार तिथल्या पक्ष्यांना भेट द्यायचा? बरी झाली तर ती सापडली त्याच भागात सुटली पाहिजे, तिला तिथलं पाणी, कचराकुंडी, मटणाची दुकानं सगळं पाठ असतं.

नान्नजचा_पाहुणा | १२:१२
बरं बरं. चांगलं सांगायला गेलो.

पंखवाला | १२:१५
अक्का, मूळ प्रश्नावर येतो. खोक्यात हलवल्यावर, ती शुद्धीत असेल तर, टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त चोच उघडून बघा. आत पिवळसर थर आहे का, कुस्करलेल्या पनीरसारखा? असेल तर ओढून काढायचा नाही, रक्त येतं. घारी-शिकरे पारवे खातात, पारव्यांच्या तोंडात हा आजार असतो, तिथून तो यांना लागतो. घशात गाठ असली तर भूक असूनही गिळता येत नाही.

शेंगा_चटणी | १२:४०
बुलबुलाच्या पिल्लांना काय देताय? आमच्याकडे एकदा भात भरवला होता, दोन दिवसांत गेलं बिचारं.

अंगणातली_अक्का | १:५५
भात नाही देत. उकडलेलं अंडं, नाकतोडे, भिजवलेलं मांजराचं खाद्य. ते चिमट्यानं टोचून टोचून माझी बोटं गेलीत. घार खोक्यात घातली. पोरानं टॉर्च मारली, डाव्या बाजूला आत पिवळं आहे. पारवा गच्चीवरच्या बाथरूममध्ये नेला, योगा मास्तरांना तिथं बादली दिलीय. पण आता ह्या सगळ्यांना मी एकटी कुठल्या क्रमानं बघू? एक सांगता काय, दुसरंच निघतंय. आणि अंडी खायची की नाही तेही सांगा, सकाळची ताटलीभर पडलीत.

निवृत्त_पशुवैद्य | २:१०
क्रम असा: आधी कोंबड्या, मग बुलबुल आणि पिंगळा, शेवटी घार, सगळ्यात शेवटी पारवा. पारव्याकडून आल्यावर परत कोंबड्यांकडे जायचंच नाही, गेलाच तर हात साबणानं, चप्पल वेगळी, साडीचा पदर वर खोचलेला. पारव्याची बादली, फडकं, झाडू त्याचंच. वाटलंच तर पोरांना कामाला लावा, एकानं फक्त कोंबड्या बघायच्या आणि गच्चीवर चढायचंच नाही. अंडी पूर्ण उकडून खा. घारीला पशुवैद्य बघेल, औषधाचा डोस मी इथं लिहिणार नाही, वजनावर ठरतो आणि चुकला तर पक्षी जातो. तोवर तिला खाऊ घालायचा हट्ट नको. पाणी कमी झालेल्या पक्ष्याच्या पोटात मांस गेलं तरी पचत नाही. आधी पाणी, मग अन्न, आणि ते पाणीसुद्धा जाणत्या माणसानं नळीनं द्यायचं.

कोंबडी_प्रेमी_बाळे | २:१४
म्हणजे कडकनाथ नाहीत?

अंगणातली_अक्का | २:१५
नाहीत!

हुरडा_पार्टी | ३:०५
बुलबुल आणि पिंगळाही वन्यजीवच. तेही नोंदवायला हवेत ना? फक्त घारीचं सांगून कसं चालेल.

पंखवाला | ३:१२
हे मात्र बरोबर बोललात. अक्का, माणूस आला की सगळे पक्षी दाखवा, पारवासुद्धा. बुलबुलांना शेपटीची पिसं फुटली असतील, फांदीवर धरून बसत असतील, तर झाडावर बसवून लांबून बघा, आईबाप येतात. माणसाच्या हाताचा वास लागला की टाकून देतात ही नुसती अफवा आहे. दर अर्ध्या तासाचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं तर तुमचा दिवस निम्मा मोकळा.

कडक_भाकरी | ३:२०
आणि पिल्लांना माणसाळवू नका. माणसाळलेला बुलबुल पुढं पहिल्याच मांजराला मिठी मारतो.

अंगणातली_अक्का | रात्री ९:३५
माणूस आला होता, सोबत एक पशुवैद्यही होते. घारीच्या घशात तेच पिवळं निघालं. नळीनं पाणी दिलं, घेऊन गेले, औषध तिकडं सुरू होईल. पिंगळा पण नेला, आज झोप मिळेल. बुलबुलांचे आईबाप संध्याकाळी लिंबावर दिसले, किडे घेऊन आले होते, पिल्लं फांदीवर बसवलीत. पारवा वेगळाच ठेवा म्हणाले, त्याला उद्या दवाखान्यात नेणार. कोंबड्यांच्या धापा ओली पोती लावल्यावर चारनंतर थांबल्या. दोन आठवडे नजर ठेवायची, सगळ्या ठणठणीत राहिल्या तर राणीखेतची लस. आजारी कोंबडीला लस द्यायची नसते म्हणे. पण कुपी १०० कोंबड्यांची येते. माझ्या डझनभर. बाकीची फेकायची का? जुळे सोलापूर, विजापूर रोड भागात कुणाकडे कोंबड्या असतील तर एका रविवारी माझ्या अंगणात या, मिळून देऊ.

शेंगा_चटणी | ९:४२
माझ्या सात आहेत. येते. टोपलीत आणू का?

कोंबडी_प्रेमी_बाळे | ९:४४
मी पण. कुपीचे पैसे वाटून घेऊ.

निवृत्त_पशुवैद्य | ९:५०
थांबा, थांबा. शंकास्पद पारवा असलेल्या घरी सगळ्या सोलापूरच्या कोंबड्या गोळा करणार? उलट करा. कुपी बर्फाच्या डब्यात घेऊन मी घरोघरी येतो. विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते, त्यामुळे सगळ्यांनी कोंबड्या आधीच पकडून खुराड्यात कोंडून ठेवा, मी आल्यावर अंगणभर पळापळ नको. मोठ्या कोंबड्यांना आर-टू-बी ही राणीखेतची लस टोचायची असते, पिल्लं असतील त्यांना लासोटा डोळ्यात थेंब, म्हणजे कुपी वेगळी, त्यामुळे वय आत्ताच लिहा. आणि अक्का, तुमच्या घरी मी शेवटी येणार.

कडक_भाकरी | ९:५३
बर्फ मी आणतो. लसूण पण आणू का?

निवृत्त_पशुवैद्य | ९:५५
बर्फच आणा.