मदत हवी आहे: एकमेकांच्या अडीनडीला धावणाऱ्या गटाला काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत आम्ही नऊ जणी पाळ्या लावून एकमेकींच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसतो. कोणाला दवाखान्यात जायचं असेल तर दुसरी तिच्या सासूबाईंना जेवण, औषध देते. आपसात पैशाचा व्यवहार नाही. आता बँकेत खातं काढायचंय, त्यासाठी नाव हवंय.

'मंडळ' म्हटलं की गणपतीची वर्गणी आठवते. 'बचत गट' नाही, कारण बचत काहीच नाही. 'भिशी' तर नाहीच! 'सहकारी' शब्द १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदणी केल्याशिवाय नावात लावता येत नाही म्हणे, म्हणून तो बाद.

मला स्वतःला 'सावड' आवडतो. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. मजुरी द्यायची नाही, दिवस फेडायचा. आमचं अगदी तेच चाललंय. पण मराठवाड्यातली मैत्रीण म्हणते, 'सावडणं' ऐकलं की तिसऱ्या दिवशी अस्थी सावडतात तेच डोळ्यांपुढे येतं. म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या गटाला असं नाव? जरा विचित्रच. याच अर्थाचा तिच्याकडचा शब्द 'वारंगुळा'. सुंदर आहे, पण शहरातल्या पोरींना उच्चारता येईना. 'इर्जिक'ही सुचला, पण त्यात नांगर-बैल घेऊन सगळे एकाच्या शेतात जातात आणि वर जेवण असतं. पाळी फेडायची असतेच असं नाही.

तुमच्या भागात अशा देवाणघेवाणीला काय म्हणतात? कोकण, खानदेश, गोवा, कुठलाही शब्द चालेल. अर्थ आणि तो कुठे ऐकलात तेही लिहा. सोमवारी फॉर्म भरायचाय.