काम, भटकंती आणि विज्ञानकथा : तुमचा एक अनुभव सांगा

शाहूपुरी, सातारा

पुण्यात अकरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आणि मार्च २०२० मध्ये दोन बॅगा घेऊन घरी आलो, तो परत गेलोच नाही. काम तेच आहे. फक्त खिडकीतून आता अजिंक्यतारा दिसतो. दर तिसऱ्या आठवड्याला रात्रीची पाळी असते, म्हणजे सिस्टीम कुठे अडकली तर फोन माझा वाजणार.

मे २०२४ चा पहिला आठवडा. रात्री दीडला फोन आला, एका ग्राहकाचे व्यवहार अडकले होते. सर्व्हर साता समुद्रापार आणि मी साताऱ्यात. एक बदल टाकायचा, चाळीस सेकंद थांबायचं, लॉग म्हणजे सिस्टीमच्या नोंदी बघायच्या, पुन्हा बदल. साडेतीनला सगळं सुरळीत झालं. झोप उडालीच होती, म्हणून वाचत बसलो आणि 'नासा'च्या, दूर अवकाशात गेलेल्या व्हॉयेजर १ या यानाची हकिगत हाती लागली.

हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलं. नोव्हेंबर २०२३ पासून त्याच्याकडून येणाऱ्या माहितीला काही अर्थच लागत नव्हता. शोध घेतल्यावर कळलं, की माहितीची जुळणी करणाऱ्या संगणकातली मेमरीची एक चिप गेलीय. तिथे जाऊन ती बदलणार कोण? त्या चिपवरचा कोड उचलून दुसरीकडे ठेवायचा म्हटलं, तर तेवढी सलग मोकळी जागा कुठेच नव्हती. मग कोडचे तुकडे केले, जागा मिळेल तिथे बसवले आणि एका तुकड्यातून दुसऱ्याकडे जायचे पत्ते नव्याने लिहिले. १८ एप्रिल २०२४ ला ही दुरुस्ती पाठवली. पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला आणखी साडेबावीस तास. २० एप्रिलला उत्तर आलं आणि ते वाचता येत होतं.

माझे ते चाळीस सेकंद डोळ्यांसमोर आले. तशीच गाडी काढली, यवतेश्वरचा घाट चढलो आणि कासच्या रस्त्याला एका वळणावर दिवे बंद करून उभा राहिलो. व्हॉयेजर आपल्याकडून भुजंगधारी तारकासमूहाच्या दिशेला आहे. तो डोक्यावरून पश्चिमेला कलला होता. यान दिसत नाही हे मला ठाऊक आहे. पण तिथे सेहेचाळीस वर्षांपूर्वीचा एक संगणक चालू आहे आणि माझ्यासारख्याच कुणीतरी खुर्चीत बसून तो दुरुस्त केलाय, हे कळल्यावर नुसतं त्या दिशेला बघावंसं वाटलं. लहानपणापासून ज्या विज्ञानकथा वाचल्या, त्यांतली एक माझ्याच धंद्यात घडली होती.

म्हणून हा धागा. सातारा-सांगलीकडची सॉफ्टवेअरमधली माणसं काम करता करता फिरतात, वाचतात. ते सगळं कुठे एकत्र आलं, असा एक प्रसंग सांगा. यादी नको, सल्ला नको, घडलेलं सांगा. सॉफ्टवेअरमध्ये नसाल तरी लिहा.

विटा

आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलीत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. त्यामुळे मी कुठल्याही गावाला निघालो, की आधी आईला विचारतो, तिथं आपलं कोण आहे? कोण ना कोण असतंच.

कोइमतूरला कामासाठी महिनाभर होतो. दुसऱ्याच संध्याकाळी सराफांच्या गल्लीत मामाच्या गावच्या एका दादांचं दुकान शोधत गेलो. पुढे अरुंद जिना, वर दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात भट्टी. दादा उघड्या अंगानं बसलेले. मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, लाल झाली तसा त्यांनी चिमूटभर टाकणखार टाकला. वर मळी जमली, ती बाजूला झाली आणि खाली सोन्याचा रस एकदम आरशासारखा चमकला. दादांनी त्याच्याकडे पापणी न हलवता पाहिलं, चिमट्यानं मूस उचलली आणि साच्यात ओतली. मी विचारलं, वेळ झाली हे कळतं कसं? म्हणाले, "यंत्रं आल्याती आता. पण डोळा आधी सांगतोय."

रात्री त्यांच्याकडे जेवायला भाकरी, पिठलं आणि सोबत तिथलं रसम. वहिनींचं सगळं बोलणं विट्याचं, पोरगी मात्र आमच्याशी मराठी बोलता बोलता खिडकीतून शेजारणीला तमिळमध्ये उत्तर देत होती. परत निघालो तेव्हा रिक्षावाल्याशी भाव तिनंच केला. नऊ वर्षांची पोर. देवघरात गावच्या देवीचा फोटो, भिंतीवर मराठी कालनिर्णय, आणि त्यावर गावच्या यात्रेच्या तारखेला पेनानं केलेला गोल.

मी विज्ञानकथा पुष्कळ वाचतो, जास्त करून रेल्वेत. दुसऱ्या ग्रहावर वस्ती करणाऱ्या माणसांच्या कथा वाचताना आता मला तीच खोली दिसते. खरं सांगायचं तर अशा बऱ्याच कथांमध्ये यानाचं इंजिन पानंच्या पानं असतं, पण तिथं पहिली चूल कुणी पेटवली, गावाकडं पैसे कसे पोचतात, पोरं कुठल्या भाषेत भांडतात, हे नसतं. आमच्या भागातल्या माणसांचं ते सगळं जगून झालंय. कुणीतरी हे लिहायला पाहिजे. मी सुरुवात केलीय, चौदा पानं झालीत.

तासगाव

मी कर्जवाटपाच्या एका जुन्या सॉफ्टवेअरची देखभाल करते. नवीन काही बांधायचं नाही, आहे ते चालतं ठेवायचं. मला हे काम मनापासून आवडतं, हे आधी सांगते, कारण देखभालीच्या कामाला आपल्याकडे कुणी मान देत नाही.

२०१८ मध्ये एक तक्रार आली. वीस वर्षांच्या गृहकर्जाचं वेळापत्रक छापलं, की शेवटचे काही हप्ते १९०१-०२ सालात पडत होते. माझ्याआधी दोघांनी ते छपाईची चूक म्हणून सोडून दिलं होतं. मी तारीख हाताने मांडून बघितली आणि अंगावर काटा आला. बरेच संगणक वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. जुन्या पद्धतीत त्या आकड्यासाठी ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ ची बत्तीस घरं, राखलेली असतात. ती जागा १९ जानेवारी २०३८ ला भरते, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला आकडा उलटून ऋण होतो आणि संगणकाला वाटतं, डिसेंबर १९०१ चालू आहे. सगळे म्हणत होते २०३८ ला अजून वीस वर्षं आहेत. पण वीस वर्षांचं कर्ज देणाऱ्याच्या दारात २०३८ हे २०१८ मध्येच येऊन उभं होतं.

काळातून मागे जाणाऱ्या यंत्राच्या कथा मी शाळेत असताना अधाशासारख्या वाचल्या होत्या. त्या दिवशी तसं यंत्र माझ्या पुढ्यात होतं आणि त्यात कुणाच्या तरी घराचा शेवटचा हप्ता सापडला होता. अकरा ठिकाणी तारखेचा प्रकार बदलला. शनिवार-रविवार धरून पाच दिवस लागले. घरी आले तेव्हा बाबा अंगणात बेदाण्याची प्रतवारी बघत होते. त्यांना समजावून सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "मग त्या माणसाचं कर्ज फिटलं का नाही?" फिटेल, म्हटलं. २०३८ ला.

चाळकेवाडीजवळून

थोडक्यात लिहितो. मी लहान असताना आमच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. एकेक पातं लांबलचक ट्रेलरवरून घाटानं वर यायचं, वळणावर तासतासभर अडकायचं, आणि आम्ही पोरं शाळा बुडवून बांधावर बसायचो. धुक्यातून पहिल्यांदा फिरतं पातं बाहेर आलं तेव्हा आजी हात जोडून उभी राहिली. मला वाटलं, दुसऱ्या ग्रहावरचं काहीतरी आपल्याकडे आलंय. आज मी यंत्रांवरच्या सेन्सरची माहिती वाचणारा कोड लिहितो. आषाढातला वारा आकड्यांत कसा दिसतो ते मला बघता क्षणी ओळखू येतं, कारण तो मी अंगावर घेतलेला आहे. ऑफिसातल्या इतरांना तो बिघाड वाटतो.

गावभाग, सांगली

माझा अनुभव २०१९ च्या महापुरातला आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

सांगलीत पाणी आयर्विन पुलावर मोजतात. १९२९ सालचा पूल, त्यावर फुटांच्या खुणा. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. गावभागातल्या प्रत्येक घराला पुलावरचा आपला आकडा पाठ असतो, अमुक फुटांना पाणी बोळाच्या तोंडाशी, अमुकला आपल्या उंबऱ्याशी. त्या ऑगस्टमध्ये मी पुण्यात होतो आणि त्याच आठवड्यात आमचं मोठं रिलीज होतं, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती द्यायची होती. एका स्क्रीनवर काम, दुसरीकडे फोनवर पुलाचा आकडा. ५० झाला. ५२ झाला. रस्ते बंद. आई-बाबा वरच्या मजल्यावर. शेवटी ५७ च्या वर गेला.

माझ्या टीममधल्या मुलीने माझी अवस्था बघितली आणि माझ्या हातातलं काम काढून घेतलं. "दादा, तुम्ही फोनवर राहा, हे मी बघते." तिला सांगली नकाशात दाखवता आली नसती. आई-बाबांना होडीतून काढलं त्या दिवशी सगळ्यांत आधी तिला कळवलं.

आठ दिवसांनी घरी पोचलो. भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर चिखलाची सरळ रेघ, पट्टीने मारावी तशी. बाबांचं पुस्तकांचं कपाट खालच्या खोलीत होतं. त्यात त्यांचा विज्ञानकथांचा संग्रह, चाळीस वर्षांत एकेक करून घेतलेला. दार फुगून बसलेलं, ते कुलपासकट उचकटलं. पुस्तकं फुगून एकमेकांत इतकी घट्ट बसली होती, की एक ओढलं तर चार येत. बाबा काही बोलले नाहीत. गच्चीवर चादर अंथरली, आणि एकेक पान सुटं करून मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालत बसले. पान उचलायला बोट नको, तर केस विंचरायच्या बारीक कंगव्याचा दात घालायचा, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी शोधून काढलं. मी शेजारी बसून तेच करत होतो. शाई बऱ्याच ठिकाणी टिकली होती. कागद मात्र जन्मभरासाठी चहाच्या रंगाचा झाला.

पानं सोडवताना त्यांनी मला जयंत नारळीकरांची ती गोष्ट पुन्हा सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी कथा पाठवली, ती स्वतःच्या नावाने नाही. नावाची आद्याक्षरं उलटी करून 'नारायण विनायक जगताप' असं नाव घेतलं. आपल्या नावाच्या वजनामुळे बक्षीस मिळायला नको म्हणून. पहिलं बक्षीस त्या जगतापांनाच मिळालं. बाबांना यातलं बक्षीस आवडत नसे, ते टोपणनाव आवडायचं. "काम तपासून घ्यावं, नाव बाजूला ठेवून," असं ते नेहमी म्हणायचे. माझा कोड कुणी तपासायला घेतला की मला आजही गच्चीवरची ती चादर आठवते.

परत गेल्यावर मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. आमच्या गल्लीतल्या एकोणीस घरांचे उंबऱ्याचे आकडे एका वहीत गोळा केले. त्यासाठी दोन रविवार दारोदार फिरलो, म्हाताऱ्या माणसांकडून २००५ चं पाणी कुठवर आलं होतं ते समजून घेतलं. सगळ्यांत अचूक माहिती पिठाच्या गिरणीवाल्या मावशींकडे होती. पुलाचा आकडा कुणाच्या उंबऱ्याच्या चार फूट खाली आला, की त्या घराला फोन जातो. मेसेज नाही, फोन, कारण मेसेज म्हातारी माणसं बघत नाहीत. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५० च्या वर गेलं. एकोणीसच्या एकोणीस घरांतलं सामान आधी वर गेलं होतं. पंधरा वर्षांत मी जे काही लिहिलंय त्यात हा सर्वांत लहान प्रोग्राम आहे, दोनशे ओळींचासुद्धा नाही. बाबांची पुस्तकं आता वरच्या मजल्यावर आहेत.

मिरज

मी इंजिनिअर नाही, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे, सिॲटलला. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, थंडीत साडेतेरा. सकाळी साडेसातला आम्ही बोलतो. माझ्याकडे मंगळवार उजाडलेला असतो, चहा उकळत असतो, आणि त्याच्याकडे सोमवारची संध्याकाळ. लहानपणी तो मला विचारायचा, आई, उद्या कसा असतो? आता रोज सकाळी फोन घेतला की मीच त्याला सांगते, उद्या चांगला आहे, ऊन पडलंय.

तुमच्या व्हॉयेजरबद्दल त्याला वाचून दाखवलं. तो थोडा वेळ गप्प झाला आणि म्हणाला, आई, तू तो भुजंगधारी बघून ठेव, मीही इकडून बघतो. मला आकाशातलं सप्तर्षी आणि मृगापलीकडे काही ओळखता येत नाही. आमच्या गच्चीवरून दिसेल का? कुठे बघायचं?

शाहूपुरी, सातारा

काकू, नक्की दिसेल. मेच्या अखेरीस, चंद्र नसेल अशी रात्र धरा आणि साडेअकराच्या सुमारास गच्चीवर जा. रस्त्यावरच्या दिव्याकडे पाठ करून दहा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. दक्षिण-आग्नेयेला नांगी वळवलेला विंचू दिसेल, त्यात तांबूस ज्येष्ठा हा तारा. तिथून नजर डावीकडे, पूर्वेला आणि वर न्या. घराच्या आकाराचा मोठा पण मंद पंचकोन लागेल, तो भुजंगधारी. त्याच्या टोकाशी एक ठळक तारा आहे, यान त्याच्या बऱ्यापैकी जवळच्या दिशेला आहे. मुलाला सांगा, तिकडून तो जास्त उजव्या अंगाला आणि थोडा कललेला दिसेल, पण तारा तोच. मिरजेत ढग असले तर साताऱ्याला या, मी कासला घेऊन जाईन.